कोठ्यातील जिवाणू व गावोगावचे अन्न
(घोडेगाव परिसरातील शेतकरी कुटुंबांसाठी)

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले घोडेगाव हे घोड नदीकाठी, डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावर वसलेले आहे. येथून पश्चिमेस डिंभे धरणापलीकडे आहुप्याच्या घाटमाथ्याकडे जावे तो पावसाचे प्रमाण वाढत जाते. खाचरांत भात आणि वरकस जमिनीत नाचणी, वरई व सावा ही पिके दिसू लागतात. पूर्वेस मंचरच्या बाजूस उतरावे तो पाऊस कमी होत जातो आणि बाजरी, ज्वारी, हरभरा, कांदा व बटाटा यांचे राज्य सुरू होते. उत्तरेकडील शेजारच्या जुन्नर तालुक्याची रचनाही अशीच आहे. पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती, तर पूर्वेस बागायती व जिरायती शेती करणारी गावे. दीड-दोन तासांच्या प्रवासात पीक बदलते, भाकरीचे धान्य बदलते, आणि भाजीची टोपलीही बदलते.

अन्नातील हा फरक ताटापुरताच राहत नाही. माणसाच्या मोठ्या आतड्यात जे असंख्य जिवाणू वस्ती करून असतात, त्यांच्या जातींवर व प्रमाणावर त्याच्या रोजच्या अन्नाचा फार मोठा परिणाम होतो, असे गेल्या वीस वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. निरनिराळ्या देशांतील व समाजांतील माणसांचे हे जिवाणू एकसारखे नसतात. हा फरक कसा पडतो, त्याचा आरोग्याशी काय संबंध आहे आणि शेतकरी कुटुंबाने त्यापासून काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

कोठ्यातील अदृश्य वस्ती

हॉलंडमधील डेल्फ्ट येथील लेवेनहूक या जिज्ञासू व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून १६८१ साली स्वतःच्या मलाची तपासणी केली व त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. पुढे दोन शतके जिवाणू म्हणजे रोगाचे कारण, एवढीच समजूत बळावत गेली. ती सर्वस्वी खरी नाही. काही जिवाणू रोग उत्पन्न करतात हे निर्विवाद आहे. परंतु निरोगी माणसाच्या आतड्यात राहणारे बहुसंख्य जिवाणू निरुपद्रवी असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ उपकारक असतात.

इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी भरतात. या जिवाणूंचे एकूण वजन मात्र अवघे २०० ग्रॅमच्या आसपास होते. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात असतात.

पशुपालन करणाऱ्यास ही गोष्ट समजावयास कठीण नाही. गाय वा म्हैस कडबा खाते. परंतु कडब्यातील काष्ठमय भाग पचविण्याचा रस तिच्या शरीरात तयार होत नाही. ते काम तिच्या कोटीपोटातील जिवाणू करतात. त्यांनी चारा आंबवून तयार केलेल्या आम्लांवर जनावराचे पोषण होते. माणसाच्या मोठ्या आतड्यात हेच काम लहान प्रमाणावर चालते. धान्याचा कोंडा, कडधान्याची साल, पालेभाजीचा चोथा हे तंतुमय पदार्थ माणसाच्या पाचक रसांनी पचत नाहीत. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात व तेथील जिवाणूंचे अन्न बनतात. जिवाणू त्यांपासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अशी आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. अस्तर धड राहिले म्हणजे अपायकारक जंतूंना व विषारी द्रव्यांना रक्तात शिरण्यास अटकाव होतो.

तंतुमय पदार्थांची आबाळ झाली, तर काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थर खाऊ लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. वैरण न मिळालेले जनावर कुंपण ओरबाडते, त्यातलाच हा प्रकार.

निरनिराळ्या समाजांत आढळलेला फरक

पूर्वी जे जिवाणू प्रयोगशाळेत वाढविता येत, तेवढेच अभ्यासता येत. आता मलाच्या नमुन्यातील आनुवंशिक द्रव्य वाचून त्यात कोणत्या जाती किती प्रमाणात आहेत हे सांगता येते. त्यामुळे देशोदेशीच्या लोकांची तुलना करणे शक्य झाले आहे.

या बाबतीत २०१० साली इटालीतील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास महाराष्ट्रातील शेतकऱ्यास विशेष जवळचा वाटेल. त्यांनी आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील बुल्पोन या खेड्यातील मुले आणि इटालीतील फ्लॉरेन्स शहरातील मुले यांची तुलना केली. खेड्यातील मुलांचे अन्न म्हणजे बाजरी, ज्वारी, चवळीसारखे कडधान्य व भाज्या. शहरातील मुलांचे अन्न म्हणजे मांस, साखर, स्निग्ध पदार्थ व मैद्याचे जिन्नस. खेड्यातील मुलांच्या आतड्यात प्रेव्होटेला नावाच्या जिवाणूंचे प्राबल्य आढळले. काष्ठमय व तंतुमय पदार्थ फोडण्यात हे जिवाणू तरबेज असतात. या मुलांच्या मलात उपयुक्त आम्लांचे प्रमाणही अधिक होते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आफ्रिकेतील मलावी, दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाचा अरण्यप्रदेश आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील ५३१ व्यक्तींचे नमुने तपासण्यात आले. पहिली दोन ठिकाणे एकमेकांपासून हजारो मैल दूर. तरीही तेथील लोकांचे जिवाणू परस्परांशी अधिक मिळतेजुळते, आणि अमेरिकेतील शहरवासीयांचे मात्र स्पष्टपणे वेगळे व कमी विविध असे आढळले. सर्व ठिकाणी मुलाच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत जिवाणूंची वस्ती प्रौढांसारखी होत जाते, असेही त्यातून निष्पन्न झाले.

अन्न आणि जिवाणू यांची सांगड किती घट्ट असते याचे उदाहरण जपानचे आहे. जपानी लोक समुद्रातील शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या आतड्यातील एका जिवाणूत हे शेवाळ पचविण्याचा गुण आढळला. हा गुण शेवाळावर राहणाऱ्या सागरी जिवाणूंकडून आतड्यातील जिवाणूंत आला असला पाहिजे, असे २०१० साली दाखविण्यात आले. हरभऱ्याच्या शेतात वर्षानुवर्षे हरभरा घेतला म्हणजे त्या पिकास मानवणारे रायझोबियम जिवाणू जमिनीत स्थिर होतात, त्याचप्रमाणे ताटात नित्य येणाऱ्या अन्नास अनुकूल जिवाणू कोठ्यात स्थिर होतात.

भारतातील व पुण्यातील संशोधन

पुणे विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने या विषयात महत्त्वाचे काम केले आहे. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला व मेगास्फेरा या जिवाणूंचे प्राबल्य असल्याचे दिसून आले. भारतीयांचे जिवाणू अमेरिकनांहून वेगळे आणि बांगलादेशीयांशी पुष्कळ मिळतेजुळते आढळले. त्याच वेळी, एका भारतीयाचे जिवाणू दुसऱ्या भारतीयाहून बरेच भिन्न असू शकतात, हेही या अभ्यासाने नोंदविले.

आदिवासी समाजांविषयीचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आसाम, मणिपूर, सिक्कीम व तेलंगण या राज्यांतील १५ आदिवासी जमातींचे नमुने त्यात तपासले होते. या सर्वांत प्रेव्होटेलाचे प्राबल्य होते. आणि जमातीजमातींत जो फरक होता तो मुख्यतः प्रदेश व आहार यांमुळे पडलेला होता. भोपाळच्या संशोधकांनी २०१९ साली भोपाळ परिसर व केरळ येथील ११० व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. शाकाहाराचे प्रमाण अधिक असलेल्या भोपाळ परिसरात प्रेव्होटेलाचे प्रमाण अधिक, तर भात, मासे व मांस खाणाऱ्या केरळात जिवाणूंची घडण निराळी, असे त्यातून दिसले. एकाच देशातील दोन प्रदेशांत जर असा फरक पडतो, तर ‘भारतीय कोठा’ असा एकच नमुना मानणे बरोबर होणार नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. प्रेव्होटेला म्हणजे सर्वथा चांगला व दुसरा जिवाणू म्हणजे वाईट, असे समजू नये. प्रेव्होटेलाच्याच एका जातीचा संबंध काही रुग्णांतील संधिवाताशी असल्याचे २०१३ साली अमेरिकेत आढळले आहे. चांगल्या शेताची ओळख जशी एका पिकावरून होत नाही, फेरपालटीवरून होते, तशी चांगल्या कोठ्याची ओळख जिवाणूंच्या विविधतेवरून व त्यांच्या कामावरून होते.

फरक पडण्याची कारणे

मनुष्याच्या कोठ्यात जिवाणूंची वस्ती जन्मासमयी सुरू होते. नैसर्गिक प्रसूतीत बालकास मातेकडून जिवाणूंचे पहिले विरजण लागते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकात ही सुरुवात निराळी होते. त्यानंतर मातेचे दूध महत्त्वाचे. मातेच्या दुधात अशा काही शर्करा असतात की ज्या बालकास स्वतःस पचत नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरियम या हितकारक जिवाणूंचे खाद्य असतात. बालक आणि त्याचे जिवाणू या दोघांचीही तरतूद निसर्गाने एकाच दुधात केली आहे.

पुढे अन्न, पाणी, घरातील माणसे, गोठा, शेतातील माती, वय आणि आजारपण यांचा परिणाम होत राहतो. औषधांपैकी प्रतिजैविकांचा परिणाम सर्वांत तीव्र असतो. तणनाशक फवारल्यावर तणाबरोबर पीकही करपावे, त्याप्रमाणे रोगजंतूंबरोबर उपकारक जिवाणूही नाश पावतात. बहुतेक जाती काही आठवड्यांत परत येतात. काही जाती पुष्कळ काळ परत येत नाहीत.

स्थलांतराचा परिणाम

आंबेगाव, जुन्नर, खेड व मावळ या भागांतून पोटापाण्यासाठी मुंबईस जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच पट्ट्यातील होत. गाव सोडून गेलेल्या माणसाच्या कोठ्याचे काय होते, याविषयीचा एक बोलका अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केला. आग्नेय आशियातून अमेरिकेस गेलेल्या ह्मोंग व कारेन या समाजांची त्यात तपासणी झाली. स्थलांतरानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता घटू लागली. वनस्पतींतील तंतू पचविणारे जिवाणू व त्यांची पाचक द्रव्ये कमी झाली. वास्तव्याची वर्षे वाढली तशी घट वाढत गेली, आणि तेथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीत ती अधिकच दिसून आली.

आज मात्र मनुष्य गावातच राहतो आणि अन्न तेवढे स्थलांतर करते, अशीही स्थिती दिसते. नाचणीच्या भाकरीऐवजी सकाळी चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे, मुलांच्या हातात तळलेल्या पदार्थांची पुडी, हा प्रकार डोंगरातील वाडीपर्यंत पोहोचला आहे. ज्या घराच्या शेतात नाचणी पिकते त्या घरातील मूल मैद्यावर वाढावे, ही चिंतेची बाब होय.

आहार बदलल्यास परिणाम किती लवकर दिसतो याचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० व्यक्ती आणि अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या २० व्यक्ती यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यात आली. तंतुमय अन्न मिळालेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरिक आम्ल वाढले व अस्तराचा दाह घटला; मांस व चरबीचे अन्न मिळालेल्या ग्रामीण लोकांत नेमके उलटे घडले. बिघाडास दोन आठवडे पुरतात. पण सुधारणेसही तेवढेच पुरतात, ही आशेची गोष्ट आहे.

बालकांचे पोषण व जिवाणू

आदिवासी पट्ट्यातील बालकांचे कुपोषण हा या परिसरातील गंभीर प्रश्न आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावी असून या भागातील आश्रमशाळा त्याच्या कक्षेत येतात. कुपोषणाचा जिवाणूंशी काय संबंध आहे, याविषयीचे महत्त्वाचे काम शेजारच्या बांगलादेशात झाले आहे. कुपोषित बालकाच्या कोठ्यातील जिवाणूंची वस्ती त्याच्या वयाच्या मानाने अपक्व राहते, असे २०१४ साली तेथे आढळून आले. नुसते अधिक अन्न दिल्याने ही उणीव पूर्णपणे भरून येत नव्हती.

त्यावरून शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या वाढीस पोषक असा आहार तयार केला. त्यातील मुख्य जिन्नस होते हरभऱ्याचे पीठ, भुईमुगाचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि कच्चे केळे. मध्यम कुपोषण असलेल्या १२ ते १८ महिने वयाच्या १२३ बालकांवर या आहाराची चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रचलित पूरक आहारापेक्षा या आहारात उष्मांक कमी असूनही बालकांच्या वजनाची वाढ अधिक चांगली झाली. हे चारही जिन्नस महाराष्ट्राच्या शेतकऱ्यास परके नाहीत.

ओडिशातील खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एक विशिष्ट उपकारक जिवाणू व त्याचे खाद्य असलेली शर्करा यांचे मिश्रण एक आठवडा दिल्याने रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे व त्यामुळे दगावण्याचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हा उपाय वैद्यकीय देखरेखीखाली योजला होता. घरगुती प्रयोग म्हणून तो करू नये.

धान्यातील तंतूंचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम धान्यातील तंतुमय पदार्थांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे : बाजरी सुमारे ११.५ ग्रॅम, नाचणी ११.२ ग्रॅम, ज्वारी १०.२ ग्रॅम, सडलेला तांदूळ २.८ ग्रॅम, मैदा २.८ ग्रॅम, आणि अख्खा हरभरा २५ ग्रॅम. दररोज २,००० उष्मांकांच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे.

आता हिशेब करून पाहावा. दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे १७ ग्रॅम तंतू मिळतात. तेवढ्याच तांदळाच्या भातातून केवळ ४ ग्रॅम. भाकरीस ४० ग्रॅम हरभऱ्याच्या उसळीची जोड दिली तर आणखी १० ग्रॅमची भर पडते, आणि पालेभाजीने उरलेली तूट भरून निघते. विकतचे औषध वा महागडी भुकटी यांची त्यासाठी आवश्यकता नाही.

शेतकरी कुटुंबांनी काय करावे

१. घरच्या गरजेपुरती नाचणी, वरई, बाजरी अवश्य पेरावी. वरकस जमीन पडीक टाकू नये. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. परंतु भरड धान्याचा खरा मान घरच्या चुलीवरच राखला जातो.

२. एकाच धान्यावर व एकाच डाळीवर राहू नये. हुलगे, मटकी, हरभरा, चवळी यांची आठवड्यात फेरपालट करावी. या भागातील मासवडीत हरभऱ्याचे पीठ, तीळ, खोबरे व लसूण एकत्र येतात. भाकरीबरोबर ती खाल्ल्यास जिवाणूंस नानाविध खाद्य मिळते.

३. पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू, करटोली यांसारख्या रानभाज्या जाणत्या माणसाकडून ओळख पटवूनच आणाव्यात व शिजवून खाव्यात.

४. आहारातील बदल हळूहळू करावा. जनावरास एकदम भरपूर धान्य घातल्यास आम्लधर्मीय अपचन होते. माणसासही एकदम पुष्कळ कडधान्य खाल्ल्यास पोटफुगी होते. दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवीत न्यावे.

५. बालकास पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे. त्यानंतर दूध चालू ठेवून नाचणीची पेज, चांगले शिजविलेले डाळीचे वरण व भुईमुगाचे बारीक कूट यांचा क्रमाने समावेश करावा. बालकाचे वजन वाढत नसल्यास अंगणवाडी सेविकेस दाखवून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. घरी वाट पाहू नये.

६. ताक व आंबील स्वच्छ भांड्यात तयार करावी. दूध उकळूनच वापरावे.

७. प्रतिजैविके डॉक्टरांनी दिली तरच व सांगितली तितकेच दिवस घ्यावीत. सर्दीसारख्या विषाणुजन्य विकारात त्यांचा उपयोग होत नाही. जनावरांस व कोंबड्यांस वाढीसाठी म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत. कोलिस्टिन या औषधाचा अन्नोत्पादक पशुपक्ष्यांसाठी वापर करण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे. उपचार चालू असलेल्या जनावराचे दूध पशुवैद्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत विकू नये.

८. जिवाणूंची विविधता म्हणजे अस्वच्छता नव्हे. दूषित पाण्याने जुलाब होतात व जुलाबाने कोठ्यातील हितकारक वस्तीही वाहून जाते. पाणी शुद्ध करून प्यावे, शौचालय वापरावे व जेवणापूर्वी हात धुवावेत.

जमिनीचा कस राखावयाचा तर तीत सेंद्रिय खत घालावे लागते, कारण त्यावर जमिनीतील जिवाणू जगतात व ते पिकास जगवितात. कोठ्याचा न्यायही तोच आहे. घोडेगावच्या पश्चिमेची नाचणी आणि पूर्वेची बाजरी ही दोन्ही धान्ये या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली, आणि तेथील माणसांचे कोठे त्यांवर पोसले गेले. बाजारात विकावयाचे पीक निवडताना शेतकऱ्याने भाव पाहावा हे योग्यच आहे. परंतु घरात शिजवावयाचे धान्य निवडताना मुलांच्या प्रकृतीकडे पाहावे, आणि त्यासाठी शेताचा एक तुकडा दरवर्षी राखून ठेवावा.